इंजेक्शनवाली

अश्विननं मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी गोरेगावच्या आठवडी बाजारात, भर रस्त्यात उभी राहून एका मोटरसायकलला शिव्या घालत होते. शिव्या तोंडातल्या तोंडात होत्या, पण त्यानं ऐकल्या. हे त्यानं मला पुढे दोन महिन्यांनी सांगितलं, आणि त्यातली एक तर जशीच्या तशी म्हणूनही दाखवली.

गाडी बाबांची होती. माझे बाबा, खेमराज, सौंदडला रेल्वेत गँगमन होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही सतरा वर्षांची गाडी माझ्या हवाली केली, कारण मी नुकतीच पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरीला लागले होते. नाव भारदस्त आहे, काम साधं. गावोगाव फिरायचं, गाई-बैलांना लस टोचायची, आजारी जनावर पाहायचं, अडलेल्या गाईला मोकळं करायचं. स्कुटी घे, असं सगळे म्हणत होते. पण धानाच्या बांध्यांमधल्या पांदणीत स्कुटीची ती एवढीशी चाकं रुतून बसतात, हे सल्ला देणाऱ्यांपैकी कुणी पाहिलेलं नव्हतं. मी मोटरसायकलवर गावात शिरले की आधी कुत्री भुंकायची, मग बाया दारात यायच्या आणि मग कुणीतरी ओरडायचं, "इंजेक्शनवाली आली वं!" मोनाली हे माझं नाव हजेरीपटापुरतंच उरलं होतं.

तर ते २००९ साल. पोळा होऊन गेला होता, रस्ते ओले होते, आणि गाडी काळा धूर ओकून मेली होती. भोवती लगेच चार माणसं जमली. एक म्हणाला पेट्रोल संपलं, दुसरा म्हणाला इंजिन गेलं, आणि तिसरा म्हणाला, "बाई, हे बायांचं काम नोहे." त्याच्याकडे मी असं पाहिलं की तो भाजी घ्यायला निघून गेला.

रस्त्यापलीकडे एक टिनाची शेड होती. तिथून एक जण हात पुसत आला. उंच, सावळा, कानामागे पेन्सिलीसारखा पेचकस, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, खोचलेला.

"कायले आल्या?" त्यानं विचारलं.

पुण्याकडच्या माणसाला हे उद्धट वाटेल. आमच्याकडे तो नुसता प्रश्न असतो — कशासाठी, काय काम. पण मी तापलेली होते.

"आले नाही. बंद पडले."

"तुमी का गाडी?"

"दोघी!"

तो हसला. मोठ्यानं नाही... पण डोळ्यांच्या कोपऱ्यांपर्यंत हसला. मग वाकून त्यानं डाव्या हँडलखालच्या छोट्या खटक्यावरून माझी लशींची पिशवी काढली, माझ्या हातात दिली, खटका परत वर ढकलला आणि किक मारली. दोनदा खोकून गाडी सुरू झाली.

"मॅडम, हे पिशवी टांगाची खुंटी नोहे. चोक हाये हा. सकाळी थंड्या गाडीले एक मिनिट खेचाचा, मंग सोडून द्याचा. तुमी सकाळपासून पिशवी टांगून हिले नुसतं पेट्रोल पाजून राहिल्या."

माझे कान गरम झाले. "किती द्यायचे?"

"पिशवी काढाचे पैसे घेत नाही मी." आणि मग, कदाचित मी लगेच निघू नये म्हणून — हे मी आता म्हणते, तेव्हा कळलं नव्हतं — त्यानं स्पार्क प्लग खोलून माझ्यापुढे धरला. "हे पाहा. काळा पडला म्हणजे गाडीनं पेट्रोल जास्त पेलं. पांढरा पडला तं उपाशी हाये. चहाच्या रंगाचा असला का समजाचं, सुखी हाये. गाडीवाला खोटं बोलते, प्लग नाही बोलत."

"आम्ही जनावराची जीभ पाहतो, तसंच."

"मंग तं आपला एकच धंदा झाला, मॅडम."

नाव अश्विन, हे मला शेडवरच्या पाटीवरून कळलं. खाली लिहिलं होतं — येथे कार्ब्युरेटर ट्युनिंग करून मिळेल.

त्यानंतर मी तिथे जात राहिले. आधी खऱ्या कारणांनी. सतरा वर्षांच्या गाडीला कारणांची काय कमी? कधी जेटमध्ये कचरा, कधी पेट्रोल गळतंय, कधी सिग्नलला — म्हणजे रेल्वे फाटकाला, आमच्याकडे दुसरा सिग्नल नाही — उभी राहिली की बंद. अश्विन ट्युनिंग करायचा तेव्हा डोळे मिटायचा. कान इंजिनजवळ न्यायचा, पेचकसानं एक बारीकसा स्क्रू पाव आटा फिरवायचा, थांबायचा, परत फिरवायचा. गाडीची धापा टाकणारी कुरकुर हळूहळू उतरायची आणि मग एक सरळ, शांत ठेका लागायचा.

"आयका," तो म्हणायचा. "लागला का सूर?"

मी ऐकायची. खरं सांगते, इंजिनचा सूर मला कधीच कळला नाही. मी त्याच्या मिटलेल्या डोळ्यांकडे पाहत असायची, आणि तो डोळे उघडायच्या आत नजर रस्त्यावर न्यायची. दोनदा उशीर झाला.

बसायला एक लाकडी स्टूल होतं, तेलानं काळं झालेलं. तिसऱ्या खेपेला मी पाहिलं, त्यानं पत्र्याच्या डब्यातून एक पांढरा धुतलेला फडका काढला, स्टूल पुसलं आणि फडका घडी करून परत डब्यात ठेवला. बाकीच्या गिऱ्हाइकांसाठी तो डबा उघडत नव्हता. हे लक्षात आल्यावर मी दिवसभर उगाच खूश होते, आणि एका बैलाला लस टोचल्यावर त्याच्या मालकाला चक्क धन्यवाद म्हटलं.

पुढची कारणं खरी नव्हती. एकदा मला आठ दिवस काहीच बिघाड मिळाला नाही. तेव्हा मी काय करावं? माझ्या जनावरांच्या दवाखान्यातून निघताना चोक खेचला आणि तसाच ठेवून गॅरेजपर्यंत आले. गाडी धूर सोडत, आचके देत पोचली. अश्विननं प्लग खोलला, उजेडात धरला आणि फिरवून फिरवून पाहिला.

"तीन किलोमीटर," तो शेवटी म्हणाला.

"काय?"

"तीन किलोमीटर चोक खेचून आणली. पिशवी टांगून राहिल्या का अजून?"

"हो... चुकून राहिली असेल."

"चूकच असन," तो म्हणाला, आणि तो प्लग इतका वेळ घासत बसला की तेवढ्यात चार प्लग साफ झाले असते. दवाखाना ते गॅरेज अंतर बरोबर तीन किलोमीटर आहे, हे दोघांनाही माहीत होतं.

दिवाळीच्या आधी गाडीनं खरंच मान टाकली. अश्विननं इंजिन उघडलं, पाहिलं, बंद केलं.

"बाबाले सांगा, हिनं आपली नोकरी केली. आता पेन्शन द्या."

मग मी गोंदियाला शोरूममध्ये गेले. मला हवी होती ती गाडी दोन प्रकारांत मिळत होती. दिसायला दोन्ही सारख्या, रंग सारखा, आरसे सारखे. एक जुन्या पद्धतीची, कार्ब्युरेटरची, जिच्यात पेट्रोल आणि हवेचं प्रमाण हातानं जुळवावं लागतं, आणि दुसरी नवीन निघालेली, जिच्यात पेट्रोल मोजूनमापून आपोआप फवारलं जातं. "मॅडम, ये इंजेक्शनवाली है," तिथला मुलगा अभिमानानं म्हणाला. मी म्हटलं, "मैं भी." त्याला काही कळलं नाही.

दोन्ही गाड्यांची माहितीपत्रकं घेऊन मी बसमध्ये बसले आणि गोरेगावपर्यंत विचार करत आले. विचार मायलेजचा नव्हता. कार्ब्युरेटरची घेतली तर महिन्यातून दोनदा तरी गॅरेजची पायरी चढावी लागणार. इंजेक्शनची घेतली तर कशाला चढेन? बिघाड नाही तर काम नाही, आणि काम नसताना सरकारी नोकरीतली पोरगी मिस्त्रीच्या शेडसमोर उभी राहिली की गोरेगावात बातमी व्हायला चहा उकळायचासुद्धा वेळ लागत नाही. मी ठरवलं, त्यालाच विचारायचं. मला त्याच्या तोंडून फक्त एक शब्द ऐकायचा होता. कार्ब्युरेटर. तो म्हणाला असता, तर त्याचा अर्थ मला कळला असता.

त्यानं आधी साबणानं हात धुतले, मग कागद हातात घेतले. नुसत्या कागदांसाठी हात धुणारा मिस्त्री मी दुसरा पाहिला नाही.

"आठ दिवस द्या," तो म्हणाला.

"एवढं काय त्यात? तुम्हाला तर पाठ असेल."

"एक पाठ हाये. दुसरी पाहून येतो."

त्या आठ दिवसांत तो दोनदा गोंदियाला जाऊन आला, तिथल्या एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये दिवसभर उभा राहून आला, हे मला फार नंतर कळलं.

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दंडार नाचतात, पाहुणे येतात, मिठाईची दुकानं लागतात, आणि लग्नाच्या पोरापोरींची पाहणीही गर्दीत गुपचूप उरकून घेतात. दवाखान्याच्या गावची मंडई होती. मी जिलेबीच्या दुकानापुढे उभी होते आणि अश्विन समोर आला. स्वच्छ पांढरा शर्ट, तेल लावून विंचरलेले केस. नखांतला काळा रंग मात्र गेला नव्हता. मला तो रंग आवडायचा, हे तोपर्यंत मी स्वतःशी कबूल केलं होतं.

"इंजेक्शनवाली घ्या," तो म्हणाला.

इतका सरळ! ना प्रस्तावना, ना काही.

"...का?"

"पौषात पहाटे कोणाची गाय अडली, तं कार्ब्युरेटरले मनवावं लागते, मॅडम. चोक खेचा, किक मारा, थांबा, अजून किक मारा. तेवढ्यात वासरू जाईन. इंजेक्शनवालीले थंडी समजत नाही. बटन दाबलं का चालू."

"मनवायला तुम्ही आहात की."

"मी गोरेगावात. गाय रानात."

"आणि बिघडली तर?"

"बिघडत नाही लवकर. बिघडली तं गोंदियाले न्याची, तेथी कॉम्प्युटर लावून पाहतेत." तो स्वतःच्या हातांकडे पाहत होता. "मले तिचं काम येत नाही. माह्या पेचकसाले त्यात घुसाले जागाच नाही."

दंडारीचा ढोलक अगदी जवळ वाजत होता. मला वाटलं, बरंच आहे, माझा आवाज नीट ऐकू जाणार नाही.

"म्हणजे मग तुमच्याकडे येणंच संपलं."

त्यानं मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. "गाडी बिघडन नाही... मंग तुमी कायले यान?"

एवढं बोलून तो तसाच उभा राहिला. दोन महिने मी खोटे बिघाड घेऊन गेले, चोक खेचून गाडीचे हाल केले, आणि हा माणूस मला सरळ विचारतो, कायले यान! म्हणजे नकोच असेल मी यायला. मी जिलेबीचा पुडा तिथेच ठेवला आणि चालू लागले. त्याच आठवड्यात इंजेक्शनवाली घेतली. घेतली ती रागानं, हे शोरूमवाल्याला कळायचं कारण नव्हतं. त्यानं गाडीला हार घातला आणि माझा फोटो काढला. फोटोत मी कुणाशी तरी भांडून आल्यासारखी दिसते.

गाडी इतकी गुणी निघाली की तिचा राग यायचा. बटन दाबलं की चालू. थंडी असो, धुकं असो, कुरकुर नाही, खोकला नाही, तिला मनवायला नको, विचारायला नको. रोज मी गॅरेजवरून जायची. पहिल्या काही दिवसांत अश्विनला नवा आवाज ओळखू येत नव्हता. मी पुढे गेल्यावर त्याची मान वर व्हायची. मग त्याला आवाज पाठ झाला. मी वळणावर असतानाच तो हातातलं काम थांबवायचा. मी वेग वाढवायची.

पौषात एकदा भल्या सकाळी उदाराम नावाचा शेतकरी, मी राहायची त्या दवाखान्याच्या गावात सायकल हाणत आला. पंधरा किलोमीटरवर त्याचं गाव. गाय अडली होती, वासराचा एक पाय मुडपलेला. दात वाजत होते इतकी थंडी. मी बटन दाबलं आणि निघाले. पोचले तेव्हा गाय मान टाकायच्या बेतात होती. अर्ध्या तासानं वासरू बाहेर आलं, ओलं, थरथरतं, जिवंत. उदारामची बायको शामकला त्याला गोणपाटानं पुसत होती आणि रडत होती. ती म्हणाली, "बाई, जराशीक उशीर झाला असता तं..."

मी अंगणातल्या शेकोटीपाशी बसले आणि मला रडू आलं. वासरासाठी नाही. अश्विननं मंडईत याच गाईबद्दल सांगितलं होतं. स्वतःच्या पोटावर पाय देऊन, मी पुन्हा त्याच्या दारात येणार नाही हे माहीत असून, त्यानं मला खरं ते सांगितलं होतं. आणि मी काय केलं? त्याच्यासमोरून वेगानं निघून जात राहिले. मला त्याला सांगायचं होतं की वासरू वाचलं. पण सांगायला जायचं तर गाडी थांबवायला हवी, आणि गाडी थांबवायला काही कारणच नव्हतं. असा अडाणीपणा मी आणखी दोन महिने केला.

मार्च आला. मोहाची फुलं पडायला लागली, रानात सगळीकडे तो गोड, जड वास. उदारामच्याच गावात लसीकरण होतं. सकाळपासून मीटरवर एक पिवळा दिवा लुकलुकत होता, पण माझी जुनी सवय अशी की पेट्रोल संपत आलं, गाडीनं आचका दिला, की डावा हात खाली न्यायचा, कॉक रिझर्व्हवर फिरवायचा आणि पुढे जायचं. सतरा वर्षं बाबांनी तेच केलं, मीही तेच शिकले. गाव सोडून दीड किलोमीटर आले, ओढ्याच्या मोरीपाशी गाडीनं आचका दिला. मी डावा हात खाली नेला. तिथे काहीच नव्हतं. इंजेक्शनवालीला रिझर्व्हचा कॉकच नसतो. सांगायचं ते तिनं दिव्यानं सकाळीच सांगितलेलं असतं.

फोनला रेंज नव्हती. उदाराम सायकलवर बाजाराला निघालाच होता. तो थांबला.

"अश्विन मिस्त्रीले सांगू का, बाई?"

मी नको म्हणायला तोंड उघडलं... आणि म्हटलं, "सांगा. म्हणावं, गाडी बंद पडली आहे. कुणाच्या तरी हाती थोडं पेट्रोल पाठवा."

"सांगतो ना!" म्हणून तो गेला. शामकला मोहफुलं वेचत होती. मी तिच्यासोबत झाडाखाली बसले आणि फुलं टोपलीत टाकत राहिले. हात कामात होते, पण कान रस्त्याला लागलेले होते.

दीड तास झाला असेल. लांबून एक गाडी येताना ऐकू आली. कार्ब्युरेटरची, आणि जिवाच्या आकांतानं पळवलेली. गॅरेजमध्ये कुणीतरी दुरुस्तीला आणलेली असावी, कारण तिला डावीकडचं झाकणच नव्हतं. अश्विननं ती स्टँडवरसुद्धा लावली नाही, बांधावर टेकवली आणि तो पळत आला. एका पायात चप्पल नव्हती.

"कुठी पडली तू? कुठी लागलं?"

माझे दोन्ही हात त्यानं धरले, उलटे करून पाहिले, कोपर पाहिलं, कपाळ पाहिलं. त्याच्या बोटांचं काळं तेल माझ्या हातांना लागलं. इतक्या महिन्यांत त्यानं मला कधी बोटानं शिवलं नव्हतं. मला तो कधी तू म्हणाला नव्हता.

"मी नाही पडले," मी म्हटलं. "गाडी बंद पडली."

तो गाडीकडे पाहत राहिला. मग माझ्याकडे. "उदाराम म्हणे... इंजेक्शनवाली पडली हाये मोरीजवळ."

"मग विचारायचं नाही का? मी की गाडी?"

"विचाराले वेळ कुठी होता?"

तो मोरीच्या कठड्यावर बसला. शामकलानं पाण्याचा लोटा त्याच्यापुढे ठेवला आणि टोपली उचलून शहाण्या बाईसारखी दुसऱ्या झाडाखाली गेली.

मी नेहमीसारखा तोरा आणला. "बरं, आलाच आहात तर पाहा तिला काय झालं. पाने कुठे आहेत?"

त्यानं कॅरिअरकडे पाहिलं. कॅरिअर रिकामं होतं. हा माणूस समोरच्या टपरीवर चहा प्यायला गेला तरी पान्यांची पिशवी खांद्यावर असायची. मी कानामागे पाहिलं, पेचकसही नव्हता.

"पाने... राहिले," तो म्हणाला.

"पाने नाही आणले? मग कायले आले?"

कायले. मी त्याच्याशी बोलताना हा शब्द कधी वापरला नव्हता. माझ्याच तोंडून ऐकला आणि मीच दचकले.

"गाडीसाठी नव्हतो आलो," अश्विन म्हणाला.

माझ्या छातीत धडधड इतकी वाढली की वाटलं, त्याला ऐकू जाईल. त्याचे कान तर तेवढे तयार आहेतच. मी कठड्यावर त्याच्या शेजारी बसले, मध्ये एक हात जागा ठेवून.

"मग मंडईत तसं का म्हणालात? कायले यान, म्हणून? मला वाटलं, नको येऊ असं सांगताय."

"बाप्पा!" तो माझ्याकडे वळला. "मी विचारलो होतो तं. खरंच विचारलो होतो. म्हटलं, गाडी बिघडन नाही तं ही कायले यीन — सांगन का काही? मी उभा होतो तेथी उत्तर आयकाले. तुमी जिलेबी टाकून चालल्या गेल्या."

मी तोंडावर हात ठेवला. आयुष्यभर ज्या शब्दावर वाढले, तो शब्द मला कळला नव्हता. आमच्याकडे कायले हा नुसता प्रश्न असतो, असं मीच सगळ्यांना सांगत असते.

उत्तर देणार तेवढ्यात गोरेगावकडून आलेला एक टेम्पो थांबला. त्यातून उदाराम सायकलसकट उतरला, घामाघूम, हँडलला पेट्रोलची बाटली बांधलेली.

"काऊन रे, अर्ध्यातच पयाला तू! मी सांगून राहिलो होतो ना, इंजेक्शनवाली बंद पडली, पेट्रोल पायजे म्हून! अन् हा बह्याड गिऱ्हाइकाचीच गाडी घेऊन पयाला!"

मी हसले. अश्विनही हसला, डोळ्यांच्या कोपऱ्यांपर्यंत. त्यानं पेट्रोल टाकलं, मी बटन दाबलं, गाडी चालू झाली.

"पुन्हा टाकी खाली नको होऊ देऊ," तो म्हणाला. "हिले रिझर्व्ह नसते."

"कळलं मला," मी म्हटलं. "एक प्रश्न राहिलाय तुमचा. उत्तर देते. थोडे दिवस द्या."

"आठ?" त्यानं विचारलं.

"आठ."

त्या रविवारी मी सौंदडला गेले. बाबा अंगणात खाटेवर बसून रेल्वेचा जुना कंदील पुसत होते. मी एका दमात सगळं सांगितलं. बाबांनी कंदील खाली ठेवला.

"मिस्त्री हाये म्हणतेस. हात कसे हायेत त्याचे?"

"काळे."

"मंग कामाचा हाये," बाबा म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "अन् ही नवी गाडी कोणी घ्याले सांगतली तुले?"

"त्यानंच."

"स्वतःचा धंदा जाते हे समजून?"

"हो."

बाबांनी पुन्हा कंदील उचलला. "पुढच्या खेपेस घेऊन ये त्याले," एवढंच म्हणाले.

आठव्या दिवशी बाजार होता. गर्दी, भाज्यांचे ढीग, बसचे हॉर्न. अश्विनच्या शेडपुढे चार गिऱ्हाइकं उभी होती. वळणावरच त्याची मान वर झालेली मी पाहिली. या वेळी मी वेग वाढवला नाही. गाडी शेडसमोर लावली, चावी काढली. चार जणांनी माझ्याकडे पाहिलं, नव्या कोऱ्या गाडीकडे पाहिलं. पलीकडच्या टपरीवरची दोघं-तिघंही पाहायला लागली. बातमी व्हायची ती होऊ दे, म्हटलं.

अश्विन उभा राहिला. हातात कुणाच्या तरी गाडीचा कार्ब्युरेटर तसाच होता.

"कायले आली?" त्यानं हळू विचारलं.

"गाडीला काही झालं नाही," मी म्हटलं. "टाकी भरलेली आहे, बॅटरी चांगली आहे, दिवाही लागलेला नाही."

"मंग?"

"तुयासाठी आली."

सगळ्यांनी ऐकलं. त्यानं कार्ब्युरेटर खाली ठेवला, साबणानं हात धुतले, सावकाश, बोटं न् बोटं. मग पत्र्याचा डबा उघडला. तो पांढरा फडका आत होता, धुऊन घडी केलेला. इतके महिने तो डब्यात तसाच होता. त्यानं स्टूल पुसलं, सगळ्या गिऱ्हाइकांच्या देखत माझ्यापुढे ठेवलं.

"बस," तो म्हणाला.